कल्याणहून साता समुद्रापार

ठाणेकरांचे आणि गॅलरीचे नाते मोठे गमतीचे आहे. वर्तकनगरातल्या म्हाडाच्या जुन्या इमारती ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना ते वेगळे सांगायला नको. घर ताब्यात आले की पहिल्या वर्षी गॅलरीत तुळस येते, दुसऱ्या वर्षी ग्रिल बसते, तिसऱ्या वर्षी सरकत्या काचा लागतात आणि मुलगा दहावीला गेला की तिथेच त्याची कॉट आणि टेबल पडते. गॅलरी म्हणजे मोकळी हवा खाण्याची जागा नव्हे, तर घराला मिळालेली अर्धी खोली, हा आमचा हिशेब. आता त्या इमारतींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. पण हिशेब काही बदललेला नाही.

हाच ठाणेकर सुट्टीत क्रूझवर जायचे ठरवतो, तेव्हा मात्र गॅलरीसाठी जादा पैसे मोजायला तयार होतो. २०२१ साली मुंबईहून गोव्याला आणि लक्षद्वीपला जाणाऱ्या ‘एम्प्रेस’ या क्रूझ बोटीच्या सफरी सुरू झाल्या आणि पासपोर्टशिवाय, लोकलने जाऊन गाठता येईल अशी ही चैन मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. मग इमारतीच्या गच्चीवरच्या गप्पांत नवे शब्द ऐकू येऊ लागले. आतली केबिन म्हणजे बिनखिडकीची, स्वस्त. तिच्याहून वरची, समुद्र दिसणारी, पण खिडकी न उघडणारी. आणि तिच्याहून वरची बाल्कनीची. दार सरकवले की आपल्या मालकीचा चार फुटांचा डेक, दोन खुर्च्या आणि समोर कोणाचीही आडकाठी नसलेला समुद्र. अनुभवी मंडळी वर सल्लाही देतात, की ज्याला बोट लागते त्याने वरच्या मजल्यावरच्या बाल्कनीचा हट्ट धरू नये. बोटीच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची केबिन घ्यावी, तिथे हेलकावे कमी. जेवणाची तर चिंताच नाही. शाकाहारी मिळते आणि जैन जेवणाचीही सोय असते.

बोटीवरची ही खासगी गॅलरी तशी अलीकडची गोष्ट आहे. १९८४ साली ‘रॉयल प्रिन्सेस’ ही बोट समुद्रात उतरली, तिच्यातल्या सगळ्या केबिन बाहेरच्या बाजूला होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच केबिनींना बाल्कनी होती. नव्वदच्या दशकात ही पद्धत सर्वत्र रूढ झाली. त्यापूर्वीची शंभर-सव्वाशे वर्षे प्रवाशाला समुद्र दिसायचा तो एक तर सगळ्यांच्या डेकवरून, नाही तर केबिनीच्या ताटाएवढ्या गोल खिडकीतून. आणि दर्या खवळला, की ती खिडकीही बाहेरून पाणी येऊ नये म्हणून घट्ट बंद करून टाकत.

अशाच एका केबिनीचा मुक्काम पत्करून आपल्याच भागातली एक मुलगी १८८३ साली निघाली होती. ठाण्याहून कल्याण रेल्वेने अवघे वीस किलोमीटर. त्या कल्याणच्या जोशांची ही लेक. समुद्रावर ती ५८ दिवस होती. ना तिला सफर करायची होती, ना समुद्र पाहायचा होता. तिला डॉक्टर व्हायचे होते. तिचे नाव आनंदीबाई जोशी. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी परदेशात जाऊन मिळवणारी पहिली हिंदी स्त्री म्हणून शाळेच्या पुस्तकात आपण तिला भेटलेलो असतो. पण पुस्तकातल्या त्या दोन ओळींत बोट येऊन जाते ती एका शब्दापुरती. ती कलकत्त्याहून निघाली आणि अमेरिकेला पोचली, एवढेच. आनंदीबाईंच्या आयुष्याचा खरा उलगडा मात्र या निघण्याच्या आणि पोचण्याच्या मधल्या पाण्यात आहे.

कल्याणला समुद्राचे वावडे कधीच नव्हते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक खलाशांच्या वहीत कल्याण बंदराची नोंद आहे. कान्हेरीच्या लेण्यांना देणग्या देणाऱ्यांत कल्याणचे व्यापारी आहेत. शिवाजी महाराजांनी आपल्या आरमाराची पहिली गलबते कल्याण-भिवंडीच्या खाडीत बांधायला घेतली. पण व्यापाऱ्याचा समुद्र वेगळा आणि ब्राह्मणाच्या घरचा वेगळा. धर्मशास्त्रात कलिवर्ज्य म्हणून ज्या गोष्टी सांगितल्या आहेत, त्यांत द्विजांनी समुद्र ओलांडणे हेही येते. ओलांडलाच तर परत आल्यावर प्रायश्चित्त, नाही तर पंक्तीबाहेर. हे बंधन किती चिवट होते ते पुढे १८९० साली पुण्याने पाहिले. पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून रानडे आणि टिळकांसारख्या थोरांना ग्रामण्याला तोंड द्यावे लागले. समुद्रही नव्हे, नुसता कपभर चहा! मग १८८३ साली परधर्मीयांबरोबर एका बोटीत दोन महिने राहणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलीकडे लोकांनी कोणत्या नजरेने पाहिले असेल, त्याची कल्पना करावी.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. वडील गणपतराव जोशी हे कल्याणचे वतनदार. घराणे जुने, पण भरभराटीचे दिवस मागे पडलेले. बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी १८५३ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी ती कल्याणला पोचली. म्हणजे यमुना जन्मली तेव्हा गावात गाडीची शिटी ऐकू येऊ लागून अकरा वर्षे झाली होती. जग दाराशी आले होते. पण मुलींनी दारातून बाहेर पडण्याची रीत अजून नव्हती. मुलींचे लग्न आठव्या-नवव्या वर्षी उरकायचे, हाच शिरस्ता. ३१ मार्च १८७४ रोजी, वयाची नऊ वर्षे पुरी झाली त्याच दिवशी, यमुनेचे लग्न झाले आणि ती आनंदी झाली.

नवरा गोपाळ विनायक जोशी. बिजवर, तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठा, टपाल खात्यात कारकून. हा मनुष्य एका वाक्यात बसणारा नाही. बायकोला शिकवू द्यावे, ही त्यांची लग्नाची अट होती. त्या काळी हुंड्याच्या अटी घालणारे गावोगाव होते. शिक्षणाची अट घालणारा विरळाच. पण ज्या हट्टाने त्यांनी ही अट घातली, त्याच हट्टाने ते बायकोला शिकवायला बसले. पुस्तक टाकून ती स्वयंपाकघरात रमलेली दिसली, तर त्यांचा राग अनावर होई. इतर नवरे स्वयंपाक बिघडला म्हणून मारत. हे ती अभ्यास सोडून स्वयंपाक करते म्हणून मारत. मार मात्र दोन्हीकडे सारखाच लागतो.

टपाल खात्यातल्या बदल्यांबरोबर आनंदीचे बिऱ्हाड फिरत राहिले. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, पुढे कलकत्ता आणि श्रीरामपूर. नवऱ्याबरोबर रस्त्याने चालते, हातात पुस्तके घेऊन शाळेत जाते, एवढ्यासाठी तिने लोकांच्या टिंगली आणि शिव्या सोसल्या. या धावपळीत चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. नीट औषधपाणी मिळाले असते तर तो वाचला असता, असे त्या आईच्या मनाने घेतले. बायकांना पुरुष डॉक्टरला दाखवत नाहीत, बायका डॉक्टर होत नाहीत आणि म्हणून बायका आणि त्यांची बाळे मरतात, हे साधे गणित तिला चौदाव्या वर्षी पुरते कळले. नवऱ्याचा हट्ट इथून पुढे तिचा स्वतःचा निश्चय झाला. हा फरक ध्यानात ठेवायला हवा, कारण आनंदीबाई म्हणजे गोपाळरावांनी घडवलेली मूर्ती, असे म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे. मूर्तीला मूल होत नाही आणि ते मेल्याचे दुःखही होत नाही.

कोल्हापुरात असताना गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याच्या मार्फत अमेरिकेत पत्र पाठवले होते, की बायकोला तिकडे शिकवायचे आहे, मदत मिळेल का. धर्म बदला म्हणजे पाहू, असा त्या उत्तराचा रोख. गोपाळरावांनी ते मानले नाही. वाइल्डर यांनी मात्र हा पत्रव्यवहार अमेरिकेतल्या आपल्या मासिकात छापून टाकला. पुढे न्यू जर्सीमधल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असताना त्यांच्या हाती तो जुना अंक आला. दात दुखत असताना हाती पडेल ते चाळावे, तसे त्यांनी तो चाळला आणि एका अनोळखी हिंदू मुलीची हकिकत त्यांच्या काळजाला भिडली. त्यांनी आपणहून पत्र लिहिले. आनंदीने उत्तर धाडले. महिनोन्महिने वाट पाहायला लावणाऱ्या टपालातून या दोघींचे असे सख्य जमले, की आनंदी त्यांना मावशी म्हणू लागली. समुद्र पलीकडे जाऊन आला तो आधी कागदावर.

शेवटी तिने एकटीनेच जायचे ठरले. हे बाहेर फुटताच गदारोळ उठला. सनातनी रागावले ते धर्म बुडतो म्हणून, आणि मिशनरी नाराज झाले ते ती ख्रिस्ती होत नाही म्हणून. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई भाषणाला उभ्या राहिल्या. वयाची अठरा वर्षे पुरी व्हायची होती. लोक जे प्रश्न त्यांना विचारत तेच त्यांनी एकेक करून घेतले. अमेरिकेलाच का जाता, इथे शिकायची सोय नाही काय, एकट्याच का जाता, परत आल्यावर वाळीत टाकले तर काय कराल, आजारी पडलात, संकट आले तर काय, आणि जे कोणा बाईने केले नाही ते तुम्हीच का करता. प्रत्येकाचे उत्तर त्यांनी शांतपणे दिले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हा त्या भाषणाचा गाभा. म्हणजे समुद्र ओलांडण्यापूर्वीच त्यांनी जगाला एक वचन देऊन ठेवले. बोटीत पाय ठेवला त्या घडीपासून हे वचन ताटात, कपड्यांत आणि प्रार्थनेत पाळून दाखवायचे होते, तेही पाहणाऱ्या डोळ्यांसमोर.

अंगावरचे दागिने विकून भाड्याचे पैसे उभे राहिले. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याच्या धक्क्यावरून ‘सिटी ऑफ कलकत्ता’ ही आगबोट निघाली. सोबत म्हणून ओळखीतल्या मिशनरी बायका होत्या. धक्क्यावर गोपाळराव राहिले. लग्नानंतरच्या नऊ वर्षांत या दोघांमध्ये प्रथमच असे अंतर पडत होते, की जे एका हाकेने, एका धमकीने किंवा एका माफीने भरून निघणार नव्हते.

त्या काळच्या आगबोटीची केबिन कशी असे? लोखंडी बोटीच्या पोटातली कोंदट खोली. भिंतीला लागून एकावर एक फळ्यांचे बिछाने, हातपाय धुण्यापुरते एक तस्त, एक दिवा आणि तो ठरल्या वेळी विझवण्याचा नियम. एकट्या प्रवास करणाऱ्या बायकांना दोघी-तिघींत मिळून एक केबिन देत. कोण कोणाच्या शेजारी निजेल ते कंपनी ठरवी. पायाखाली रात्रंदिवस यंत्राची धडधड. वारा नाही. कोळशाचा आणि तेलाचा वास अंगाला चिकटलेला. हिंदी महासागर ओलांडून एडन, मग तांबडा समुद्र, १८६९ मध्ये खुला झालेला सुएझचा कालवा, मग भूमध्य समुद्र आणि इंग्लंड, आणि शेवटी अटलांटिक, असा तो मार्ग. तांबड्या समुद्रात केबिनीत झोपणे म्हणजे भट्टीत झोपणे. पुरुष प्रवासी गाद्या उचलून डेकवर जात. बायकांना ती मोकळीक बेतानेच.

आणि जेवण. गोऱ्या प्रवाशांसाठी चालणाऱ्या भटारखान्यात मांस न खाणाऱ्या मुलीसाठी काय शिजणार? आज मुंबईच्या धक्क्यावरून बोटीत चढताना आपण निर्धास्त असतो, की आपल्या पंक्तीचे आपल्याला मिळेलच. त्या पंक्तीत तेव्हा त्या एकट्याच होत्या. पुढ्यात येईल त्यातले चालेल तेवढे घ्यायचे आणि बाकीचे परत पाठवायचे, ते दोन महिने. प्रवासातल्या सोबतिणींकडून आलेले अनुभवही सगळे सुखाचे नव्हते, हे आनंदीबाईंच्या पत्रांतून कळते. ज्या माणसांना आपले मत बदलावे असे मनापासून वाटते, त्यांच्याबरोबर एका अरुंद जागेत ५८ दिवस काढणे आणि भांडण न करता आपल्या मतावर राहणे, ही परीक्षा कॉलेजातल्या कोणत्याही परीक्षेपेक्षा सोपी नव्हती. ४ जून १८८३ रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा त्यांच्या वचनाला कुठे चरा गेलेला नव्हता. शरीराने मात्र किंमत मोजायला तिथूनच सुरुवात केली असेल, तर नवल नाही.

पहिला उन्हाळा रोझेलला मावशींच्या घरी गेला. त्या कुटुंबात त्या लेकीसारख्या रमल्या. मग फिलाडेल्फियाचे विमेन्स मेडिकल कॉलेज. केवळ स्त्रियांना वैद्यक शिकवण्यासाठी १८५० मध्ये निघालेली ही संस्था. डीन रेचेल बॉडली यांनी आनंदीबाईंना प्रवेश दिला आणि शिष्यवृत्तीचीही सोय केली. १८८५ साली तिथे काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेषात आहेत. जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या साबात इस्लामबूली आणि साडीतल्या आपल्या आनंदीबाई. पेहराव त्यांनी सोडला नाही. फक्त त्या थंडीत आणि त्या समाजात नऊवारीने पोटऱ्या उघड्या राहतात, म्हणून साडी गुजराती पद्धतीने नेसायला सुरुवात केली. एवढीशी गोष्ट, पण तीही नवऱ्याला पत्राने कळवावी लागली.

पत्रांचा हा भाग आनंदीबाईंच्या चरित्रातला सर्वांत महत्त्वाचा, आणि आपण तो पुष्कळदा घाईने उलटून पुढे जातो. अमेरिकेतून गोपाळरावांना लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी जुन्या दिवसांचा हिशेब मांडला. दहाव्या वर्षी लाकडांनी खाल्लेला मार, बाराव्या वर्षी सोडून जाण्याच्या धमक्या, अंगावर फेकलेल्या खुर्च्या, सगळे त्यात आहे. हे लिहिताना आवाज चढलेला नाही. तुमचे वागणे चांगले की वाईट ते सांगणे कठीण आहे, कारण आज मी जी आहे ती त्यातूनच झाले, असे त्या एकीकडे मान्य करतात. पण दुसरीकडे, इतक्या लहान मुलीच्या मनावर त्याचा काय परिणाम होतो, आणि हिंदू बाईला नवऱ्यापुढे तोंड उघडण्याचा हक्कच नसल्याने तिने ते मुकाट्याने सोसले, हेही नोंदवून ठेवतात.

हे पत्र कल्याणच्या वाड्यात लिहिले गेले नसते. कलकत्त्याच्या बिऱ्हाडातही नाही. ज्याच्याशी बोलायचे तो माणूस समोर बसलेला असताना ते शब्द सुचले असते, तरी ओठांवर आले नसते. मधे दोन महिन्यांचा समुद्र पडला तेव्हा ते कागदावर उतरले. धर्मशास्त्राने समुद्राला इतके का भ्यावे, याचे एक उत्तर कदाचित या पत्रात आहे. समुद्र ओलांडला की माणूस बाटतो की नाही ते शास्त्री जाणोत. पण अंतर पडले की माणसाला आपले घर लांबून दिसते, आणि लांबून दिसले की त्याच्याविषयी बोलता येते. आनंदीबाईंनी नवऱ्याला सोडले नाही, त्याची निंदा केली नाही, त्याच्या उपकारांचा विसर पडू दिला नाही. पण त्या ५८ दिवसांच्या पाण्याने त्यांना एक अधिकार दिला, जे घडले त्याला नाव देण्याचा. पदवी नंतरची.

ती पदवी ११ मार्च १८८६ रोजी मिळाली. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. म्हणजे दहा दिवसांच्या त्या बाळाचा विसर पडलेला नव्हता. समारंभाला गोपाळराव हजर होते. नात्यातल्या पंडिता रमाबाई खास इंग्लंडहून अटलांटिक ओलांडून आल्या होत्या. व्हिक्टोरिया राणीने अभिनंदनाचा निरोप पाठवला. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली यांनी आपल्या देशातल्याच कॉलेजातून वैद्यकाची सनद मिळवली, हेही इथे सांगायला हवे. एका वर्षात दोन मुलींनी दोन टोकांकडून एकच भिंत फोडली. कोल्हापूर संस्थानाने आनंदीबाईंना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून नेमले.

पण तोवर क्षयाने त्यांना धरले होते. ऑक्टोबर १८८६ मध्ये न्यूयॉर्कहून ‘इत्रुरिया’ बोटीने पती-पत्नी निघाली. क्युनार्ड कंपनीची ही बोट तेव्हाच्या सर्वांत वेगवान बोटींपैकी होती. अटलांटिक ती आठवड्याभरात पार करी. जातानाची ती अठरा वर्षांची मुलगी, जुन्या बोटीत, एकटी. येतानाची ही एकवीस वर्षांची डॉक्टर, नव्या झगझगीत बोटीत, नवऱ्याच्या सोबतीने, आणि खोकल्याने पोखरलेली. जाताना केबिनीने त्यांना कोंडले होते आणि त्या मोकळ्या झाल्या होत्या. येताना केबिनीला गती होती, सोबत होती, पण मोकळी हवा घेणारी फुप्फुसे उरली नव्हती. आपल्याला काय झाले आहे आणि त्याचा शेवट कशात होतो, हे त्या बोटीत त्यांच्याइतके कोणाला कळत असेल? ज्ञान मिळवायला गेलेल्या बाईला ते ज्ञान पहिल्यांदा वापरावे लागले ते स्वतःवर.

नोव्हेंबरात मुंबईला स्वागत मोठे झाले. ज्या समाजाने वाळीत टाकण्याची भाषा केली होती, तोच आता कौतुक करायला पुढे आला. कोल्हापूरची नोकरी मात्र त्यांच्या वाट्याला आली नाही. पुण्यात उपचार झाले, पथ्ये झाली, उतार पडला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी आनंदीबाई गेल्या. बावीस वर्षे पुरी व्हायला महिना उरला होता. एकाही रुग्ण स्त्रीची नाडी त्यांना आपल्या हुद्द्याच्या खुर्चीवर बसून पाहता आली नाही.

मग त्या प्रवासाने काय साधले, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही कोणी विचारते. हिशेबाच्या वहीत याचे उत्तर सापडत नाही. रमाबाईंनी त्याच वर्षी अमेरिकेत आपले उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचे पुस्तक प्रसिद्ध केले. प्रस्तावना डीन बॉडली यांची. पुढच्याच वर्षी कॅरोलाइन डॉल यांनी बॉस्टनमध्ये आनंदीबाईंचे चरित्र छापले आणि इकडे काशीबाई कानिटकरांनी मराठीत त्यांचे चरित्र लिहिले. एका मराठी स्त्रीने दुसऱ्या मराठी स्त्रीचे चरित्र लिहावे, हीही नवलाचीच गोष्ट. मुंबईच्या रखमाबाई बोटीत बसून लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन आल्या आणि त्यांनी कित्येक वर्षे रुग्णसेवा केली. आज नर्सिंग, वैद्यक, संगणक शिकायला ठाणे-कल्याणच्या किती मुली समुद्रापलीकडे जातात याची गणती नाही, आणि त्यांचे कोणी प्रायश्चित्त मागत नाही. जी वाट मळलेली असते तिच्यावर पहिले पाऊल कोणाचे पडले, ते पाहायला कोणी खाली वाकत नाही.

आनंदीबाईंचा एक प्रवास मात्र अजून राहिला होता. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी अमेरिकेला पाठवल्या. हा तऱ्हेवाईक, तापट मनुष्य शेवटी इतके समजला होता, की बायकोचे एक माहेर समुद्राच्या पलीकडे आहे. कल्याणच्या मुलीने तिसऱ्यांदा समुद्र ओलांडला तो एका लहानशा डबीतून. केबिन नको, भाडे नको, कोणाची परवानगी नको. मावशींनी त्या अस्थी न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीकाठच्या पोकीप्सी गावी, आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवल्या. तिथे कार्पेंटर कुटुंबाच्या मंडळींमध्ये एक दगड आनंदी जोशी या नावाचा आहे, आणि ती ब्राह्मण होती, हेही त्यावर कोरून ठेवलेले आहे. श्रीरामपूरच्या सभागृहात दिलेले वचन परक्या मातीने असे जपले.